पडलो तो मीच

नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावी मुलाकडे राहायला आलेले दीनानाथराव कालव्याकाठच्या वळणावर सायकलवरून पडले. मनगट मुरगळलं, गुडघा सोलवटला. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, हात वाकवून बघितला आणि पॅरासिटामॉल सांगितली. इथे माणूस पडला काय नि शिंकला काय, औषध एकच.

खरी पंचाईत घरी आल्यावर झाली. अभिराम म्हणाला, "चूक माझी. सीट उंच राहिली, मी खाली करायला हवी होती." सूनबाई मेधा म्हणाली, "छे, मीच बाबांना एकटं जाऊ दिलं." नऊ वर्षांच्या शिवांगीनं आजोबांना इथला ब्रेक शिकवला होता, पेडल उलटं दाबायचा. ती पुटपुटली, "मी नीट शिकवलं नाही."

गेल्याच आठवड्यात अभिरामनं एक जुना जपानी सिनेमा लावला होता. त्यात एकाच खुनाची हकीकत जो तो वेगळी सांगतो, आणि वर खून आपल्याच नावावर घेतो. "असं कुठे असतं का?" म्हणून दीनानाथरावांनी तेव्हा नाक मुरडलं होतं. आता बसा बघत!

खरं तर गप्प बसण्यात त्यांचा फायदाच होता. अपराधी वाटून अभिराम नवी, बुटकी सायकल घेऊन द्यायला निघाला होता. खरं सांगितलं की सायकल बंद. आपल्या पायावर धोंडा कोण मारून घेईल? पण शिवांगी डोळे भरून ताटावर नुसती बसली होती. ते काही त्यांना बघवेना.

"कोणाचीही चूक नाही," ते म्हणाले. "मी हात सोडून चालवत होतो."

मेधाला हसू आलं. "बाबा, तिच्यासाठी काहीही सांगू नका हं." निवृत्त मुख्याध्यापक, त्यात कानाला मफलर. विश्वास ठेवणार कोण?

शिवांगीनं मात्र मान वर केली. "दोन्ही हात?"

"दोन्ही. पुलापासून. कॉलेजात सोडायचो तसे. काय मजा आली म्हणून सांगू!"

"आणि वळणावर?"

"वळणावरही."

"आजोबा!" ती ताडकन उभी राहिली. "मग पडणारच ना! वळणावर एक हात तरी लावायचा हँडलला! एवढंपण कळत नाही तुम्हाला?"

अभिरामनं हात पुढे केला. दीनानाथरावांनी खिशातून सायकलची चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. वाईट वाटलं त्यांना, फार वाटलं. शिवांगी अजून ओरडतच होती, आणि ते खाली मान घालून अगदी समाधानानं ऐकत राहिले.