तिजोरीची दुसरी चावी

संयोगितानं पर्स पोटाशी धरली होती, कारण पर्समध्ये बँकेची चावी होती. कोर्टाच्या बाकावर ती बसायची, उठायची, जिन्यापर्यंत जाऊन परत यायची.

"बसा की हो एका जागी," तिच्या वकील अनुजा म्हणाल्या. "तुमच्यापायी माझंच चित्त थाऱ्यावर राहिना."

बसणार कशी? कसबा बावड्याच्या शाखेतून तिची बदली एकदम देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिलचरला झाली होती. घरात तिशीचा भाऊ ऋतुराज, अंगानं पैलवान आणि समजेनं लहान पोर. आई गेल्यापासून तो संयोगिताच्याच हातचं जेवतो. मागं ती ट्रेनिंगला गेली, तर पठ्ठ्यानं ताटाला हात लावला नाही. अशा माणसाला सांभाळणाऱ्याची बदली शक्यतो टाळावी, असं नियमातच आहे. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना नियम कोण दाखवणार? अर्जाला 'प्रशासकीय गरज' एवढंच उत्तर आलं. मग तिनं बँकेलाच कोर्टात खेचलं. हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं म्हणून बरं, नाहीतर मुंबईचे हेलपाटे होतेच.

वकीलबाईंनी एकच गोष्ट बजावली होती. "चावी देऊ नका. न्यायाधीश पहिलं विचारणार, कार्यमुक्त केलंय का? चावी दिली की झालात मोकळ्या. मग बदलीवर स्टे कशाला मागायचा?"

शाखेची स्ट्राँगरूम, म्हणजे तिजोरी आणि लॉकरांची खोली, दोन चाव्यांनी उघडते. एक मॅनेजर अमरसिंहांकडे, दुसरी संयोगिताकडे. रजेवर जाताना चावी सहकाऱ्याच्या हवाली करायची, ही रीत. पण हवाली केली की अमरसिंह तेवढ्यावरच कार्यमुक्त करतील, ही तिला धास्ती. म्हणून सकाळी तिनं फोनवर रजेचा निरोप धाडला आणि चावीसकट इकडं आली. तिकडं सगळं अडणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून केलं.

अमरसिंहांचे फोन वाजत राहिले. शेवटी तिनं उचलला, तर पलीकडं तानाबाई, शाखेची जुनी खातेदार.

"बाई, नातीची हळद हाय आज. दागिनं तुमच्या लॉकरात, आन् साहेब म्हणत्यात चावी न्हाय. पोरगीला मोकळ्या गळ्यानं पाटावर बसवू व्हय?"

"आजी, थोडा वेळ..."

"पावणं दारात आल्यात की गं!"

संयोगिताला आजीचा राग आला, सिलचरचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. तिनं स्कूटरची किल्ली काढली.

"आपला नंबर यायच्या बेतात आहे," वकीलबाई ओरडल्या. "आणि तुम्ही चावी घेऊन तिकडंच चाललात?"

"हळद आहे हो," एवढंच तिला सुचलं.

शाखेत गर्दी तुंबली होती. अमरसिंह थेट स्ट्राँगरूमकडं निघाले. दोघांनी आपापल्या चाव्या फिरवल्या, दार उघडलं. तानाबाई दागिन्यांचा डबा काखेत मारून निघाली. आभार लांबच, "येळंवर येत जावा की," असं सुनावून गेली.

अमरसिंहांनी हात पुढं केला. संयोगितानं चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. आता ती थकली होती. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बँकेचे वकील कोर्टातून विचारत होते, बाईंना कार्यमुक्त केलंय ना?

अमरसिंहांनी तळहाताकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

"न्हाय, साहेब. कामावरच हायत. आत्ताच तिजोरी उघडली त्यांनी."

फोन ठेवून त्यांनी चावी तिच्याकडं सरकवली. "वरनं सकाळपास्नं फोन चालू हायत, बाईंना कार्यमुक्त करा म्हणून. धरा. परत असलं करू नगासा."

दुपारी स्टे मिळाला. रात्री ऋतुराज दोन भाकरी जास्त जेवला आणि संयोगिताचा जीव भांड्यात पडला.

पण सिलचरची खुर्ची रिकामीच होती. महिन्याभरात त्या खुर्चीसाठी दुसरी ऑर्डर निघाली, अमरसिंहांच्या नावाची. गारगोटीला त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. संयोगिताला हे शाखेत सगळ्यात आधी कळायला हवं होतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

अमरसिंह तिच्या टेबलापाशी आले. कधी न येणारा माणूस. ओशाळं हसत त्यांनी आपली चावी टेबलावर ठेवली. "घ्या ताब्यात. आन् जमलं तर त्या वकीलबाईंचा नंबर द्या की."

संयोगितानं चावी उचलली, उठली आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात घातली.

"नंबर देते. पण साहेब, चावी कुणाला देऊ नका."