फणसाला खिडकीजवळची जागा

मित्रांनो, मी निपाणीतल्या एका घरातलं जुनं सूप आहे, आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तूंनी उदास व्हावं अशी लोकांची अपेक्षा असते. मी उदास नाही.

सूप म्हटलं की तुम्हाला धान्य पाखडणं आठवेल. मी आयुष्यात एक दाणा पाखडला नाही. रुक्माबाईनं मला बाजारातून आणलं, रद्दीचा लगदा आणि वाटलेल्या मेथ्या एकत्र करून माझं अंग सारवलं, उन्हात कडक वाळवलं आणि मांडीवर घेतलं. माझ्या एका कडेला तंबाखू, दुसऱ्या कडेला ओलसर कापलेली पानं. तीस वर्षं तिनं माझ्यात विड्या वळल्या.

दुपारी शेजारच्या पाच-सहा बायका आपापली सुपं घेऊन दारात बसत. रुक्माबाई स्वतःच्या हकिकती सांगायची. हात कामात अडकलेले, त्यामुळे हातवारे करता येत नसत. सगळं काम आवाजावर. तिच्या आयुष्यात मोठं असं काही घडलं नव्हतं. पण जे घडलं ते तिनं वाया जाऊ दिलं नाही.

फणसाची हकिकत मी किती वेळा ऐकली, सांगता येणार नाही. तिचं माहेर बेळगावपलीकडच्या जांबोटीचं. लग्नाला तीन महिने झालेले. सासरी न्यायला आईनं हा एवढा फणस दिला. बस कधीतरीच यायची. कंडक्टर म्हणाला, "अक्का, फणसाला तिकीट लागतंय."

"मी म्हटलं, लागू दे की. त्येला खिडकीजवळची जागा दे, मंग तिकीट घे."

"जागा न्हाय, तिकीट मातर हाय, म्हणाला. मला आला राग. उतरले गं खाली, फणस कडंवर घेऊन! नवी चप्पल, वरनं पाऊस, आन बेळगाव कुठं तर तिकडं! चालले, चालले. वळणावर जाऊन बगते तर..."

इथं तिची बोटं माझ्या काठावर थांबायची. विडीचा दोरा अर्धा गुंडाळलेला तसाच. तिची थांबली की सगळ्यांची थांबायची. मग शेजारच्या जयाबाई, ज्यांना सगळी हकिकत पाठ होती, न राहवून विचारायच्या, "मंग?"

"बस बंद पडलेली! कंडक्टर दगडावर बसलेला. मी न्हाय बगितलं त्येच्याकडं. पर फणसानं बगितलं असणार. सगळ्यास्नी भूक लागलेली. कुणी कोयता काढला, एका म्हातारीनं हाताला लावायला खोबरेल दिलं. पैला गरा मी कंडक्टरला दिला. का म्हणशील तर खरं त्येचंच हुतं. एवढ्या वज्याला तिकीट लागतंयच की! मीच भांडखोर. बस सुरू झाली तशी म्हणतोय, बा अक्का, बा, ये की, खिडकीजवळ बस. बसले. सगळ्यात जास्त गरे मीच खाल्लेले. म्हंजे बगा, फणसाला शेवटी खिडकी मिळालीच, आन तिकीट न्हाय लागलं!"

निपाणीत ती रिकाम्या हातानं पोचली. सासूनं दारातच विचारलं, "फणस कुठाय?" तेव्हा ही हकिकत तिनं पहिल्यांदा सांगितली. सासू रागावलेली बसली आणि हसत उठली.

सांगून झालं की ती म्हणायची, "आता तू सांग गं जया." स्वतःच बोलत राहणाऱ्यांतली ती नव्हती. आणि स्वतःची फजिती तिनं कधी वगळली नाही.

पुढं खोकला लागला. विड्या बंद झाल्या. मुलगी पूर्णिमा नोकरीला लागून बेळगावजवळ पिरनवाडीला राहायला गेली आणि मी माळ्यावर पडून होतो. तिथूनही सगळं ऐकू यायचं. एकदा पूर्णिमा आली होती. रुक्माबाईनं फणसाची हकिकत काढली. पूर्णिमा घड्याळ बघत म्हणाली, "आई, थोडक्यात सांग गं, मला बस गाठायचीय."

रुक्माबाईनं थोडक्यात सांगितलं. बस चुकली, चालले, पुढं बस मिळाली. वळण नाही, गरे नाहीत, खिडकी नाही. त्यानंतर मी तिच्या तोंडून ती हकिकत ऐकली नाही. त्या दिवसाचा माझा राग अजून गेलेला नाही. पूर्णिमाचाही, स्वतःवरचा, गेला नसावा.

परवा रुक्माबाईचा बारावा झाला. फोटोपुढं फुलं ठेवायला मला खाली काढलं. तिचे धाकटे दीर मारुतीराव बोलायला उभे राहिले. गावात कुणाचंही काही असो, बोलायला तेच.

"वैनींनी आयुष्यभर सोसलं! पोरांच्या तोंडात चार गरे पडावेत म्हणून ती माउली जांबोटीहून फणस घेऊन भर पावसात अनवाणी चालत आली! त्या निर्दयी कंडक्टरनं तिला खाली उतरवलं!"

"अरेरे, बिचारी," कुणीतरी म्हणालं.

बिचारी! मित्रांनो, माझ्यावर फुलं नसती तर मी जागेवरून उडालो असतो. कुठली पोरं? लग्नाला तीन महिने झालेले. अनवाणी कशी? नव्या चपलांचा तोरा तर होता तिला. उतरवलं कुणी? ती स्वतः उतरली, रागानं, ताठ मानेनं. आणि तो कंडक्टर तिच्या आवडत्या माणसांपैकी एक होता. जिनं सगळ्यांना हसवलं, तिला हे रडकी करून पाठवत होते, आणि तिला आता उलट बोलता येत नव्हतं.

"काका," पूर्णिमा म्हणाली, "असं न्हवतं ते."

"बरं बाई, मग तू सांग. पर थोडक्यात. पंगत बसायचीय."

"ते थोडक्यात हुत न्हाय, काका."

"पंगत थांबंल की," मागून जयाबाई म्हणाल्या. "मारुतीराव, तुमी बसा खाली."

पूर्णिमानं फुलं फोटोपाशी ठेवली आणि मला मांडीवर घेतलं. मांडी आईसारखीच, फक्त थोडी अवघडलेली. फणसाला तिकीट मागितलं तिथून तिनं सुरुवात केली. चप्पल नवी होती हे सांगितलं. आई भांडखोर होती हेही सांगितलं, तेव्हा मागं कुणीतरी हसलं आणि मग हसू दाबलं. ती पुढं बोलत राहिली.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. मला मेथीनं सारवा किंवा सारवू नका, माझं आता काय राहिलंय! पण कुणी आपली हकिकत सांगत असेल तर घड्याळ बघू नका. बस दुसरी मिळते. आणि माणूस गेल्यावर त्याची हकिकत सांगाल, तर त्याच्या चुका काढून टाकू नका.

"वळणावर जाऊन बगते तर..." पूर्णिमा म्हणाली, आणि तिची बोटं माझ्या काठावर थांबली.

 अगदी आईची थांबायची तशीच.

जयाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि पुढं सरकून विचारलं, "मंग?"