सगळ्यात वरचं नाव

"आधी काय दिसतंय ते सांग. मग बोट लाव."

मित्रांनो, माझ्या मालकीणबाईंचे हे वाक्य मी इतक्यांदा वाहून नेले आहे की अजूनही ते माझ्या तारेत कुठेतरी अडकले असेल. मी एक जुना, तबकडीचा हिरवा फोन आहे. बोकोनो गावी एलोइनाबाईंच्या घरात, देवाच्या फळीखाली माझी जागा. एकेकाळी लग्ने, बारशी, मरणे सगळी माझ्याच घंटेतून घरात आली. मग खिशातले फोन आले आणि माझ्यावर धूळ बसली.

पुढे कारोराला राहणाऱ्या बेर्तिल्दाला तिच्या मुलाने, योर्मानने, तसला फोन घेऊन दिला आणि तो कामाच्या शोधात उत्तरेकडे पायी निघून गेला. बेर्तिल्दा एलोइनाबाईंची मठाच्या शाळेतली मैत्रीण. नवा फोन हातात धरून, एलोइनाबाईंकडून तो शिकायला, ती घरच्या जुन्या फोनवरून मला हाक मारी.

"बाण दिसतोय."

"कुठल्या बाजूचा?"

"माझ्यावरच रोखलाय, बाई."

"मग तो तुला चांगला ओळखतो."

दोघी हसत. "आणि माझ्या हातून बिघडलं तर?" बेर्तिल्दा विचारी. "तर मी स्वतः येईन. शब्द दिला."

योर्मान तिच्या नव्या फोनवर रोज सकाळी बोलून निरोप पाठवी. आधी "आई, आशीर्वाद दे", मग बाकीचे. वाटेतल्या घनदाट जंगलाच्या तोंडाशी पोहोचल्यावर निरोप थांबले. त्याला तेरा महिने झाले. बेर्तिल्दा मात्र रोज ते जुने निरोप ऐके आणि प्रत्येकाला आशीर्वाद देई.

एका गुरुवारी ती घाबरून म्हणाली, "फोन भरलाय म्हणतो. योर्मानचा निरोप आला तर आत शिरणार कसा?"

तीनला वीज जाणार होती. त्याआधी एलोइनाबाईंना प्रार्थनेला निघायचे होते, म्हणून घाई. "जपमाळेच्या मंडळातल्या बायकांच्या निरोपांनी भरलाय तो. रोज तेच पाठवतात, म्हणजे सगळ्यात वर तेच असणार. वरचं नाव दाबून धर आणि पुसून टाक."

काय दिसतंय, हे त्या दिवशी त्यांनी विचारले नाही.

"नक्की का, विचारतोय."

"हो म्हण."

"म्हटलं." मग तिने यादी वरून खाली पुटपुटत वाचली. "एलोइना, जपमाळेचं मंडळ इथंच आहे. वर योर्मान होता."

परगावी गेलेल्याची तसबीर परत येईपर्यंत देवाच्या फळीवर सगळ्यात वर ठेवायची, ही दोघींच्याही घरची रीत. शेजारणीकडून बेर्तिल्दाने फोनमध्येही मुलाचे नाव तसेच वर अडकवून घेतले होते.

"त्याचा आवाज आणखी कुठे ठेवला होतास?"

"आणखी कुठे ठेवतात?"

एलोइनाबाईंनी देवाकडे पाहिले. खोटे बोलल्या नाहीत. "मग परत नाही येत गं. चूक माझी."

"आता सकाळी आशीर्वाद कुणाला देऊ?" बेर्तिल्दाने विचारले आणि फोन ठेवला.

नऊ दिवस माझी घंटा वाजली नाही. नऊही दिवस एलोइनाबाई एकवेळ जेवल्या. त्या गुरुवारी मी सारे ऐकले होते, पण मलाही त्यांच्यासारखेच पलीकडचे दिसत नव्हते.

मित्रांनो, लांबून कुणाला वाट दाखवाल, तेव्हा घाई असली तरी आधी विचारा, तुला काय दिसतंय. आणि ज्याच्या परतण्याची खात्री नाही, त्याचा आवाज दोन ठिकाणी जपून ठेवा. मी म्हातारा आहे, एवढेच मागतो.

आज सकाळी एलोइनाबाईंनी माझ्यावरची धूळ पुसली. वाटले, आता तबकडी फिरवतील. त्यांनी फिरवली नाही. फडक्यात चार अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, बांधल्या, जपमाळ मनगटाला गुंडाळली, दार हलकेच ओढून घेतले आणि त्या कारोराच्या बसकडे चालू लागल्या.