दोन थरांच्या मधे

फायबरची कयाक म्हणजे शर्यतीची होडी, टाकी नव्हे, हे मी शिवाजी पेठेतल्या निम्म्या लोकांना सांगून दमलो. मी पाण्याच्या टाक्या करणारा. त्यांना वाटायचं, गुरुसिद्धनं टाकी आडवी केली आणि पोरीला आत बसवली. बसवली तर बसवली, तुमच्या पोटात का दुखतंय?

सौंदर्या माझी एकुलती. वल्हं मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण अठ्ठ्याण्णव साली तिच्या मामानं कबनूरचं स्थळ आणलं, लूमवाले. मी मेव्हण्याला सांगितलं, राज्याच्या संघात निवड झाली तर लग्नाचा विषय बंद. नाही झाली तर तुझं ऐकतो. क्लबची होडी जड होती, म्हणून हलकी मीच करायला घेतली.

साच्याला मेण घासलं, त्यावर रंगाचा जेलकोट दिला. मग फायबरची मॅट, मॅटवर हार्डनर घातलेलं रेझिन. ब्रशनं ठोकून हवा काढायची. पहिला थर वाळला की दुसरा. दोन थर एकमेकांना असे धरतात, की ते दोन राहतच नाहीत. तळ आणि वरचा भाग वेगवेगळे करून कडेनं पट्टी मारून जोडले. होडी एका हातानं उचलली तेव्हा पोरगी हसली, मीही हसलो.

निवडीच्या दिवशी तलावावर ती सगळ्यांच्या पुढं होती. वळणावर खुणेच्या बांबूला होडी जराशी घासली आणि होडीचं नाक उकललं. आत पाणी भरलं. तिला ओढून काठावर आणेपर्यंत बाकीच्या पोरी पोचल्या होत्या. वयाच्या अटीमुळं तिची ती शेवटचीच संधी.

घरी येऊन मी ते नाक कापलं. दोन थरांच्या मधे विभूती होती. बोटांनी ओढलेल्या तीन रेघा.

पहिला थर वाळत ठेवून मी हार्डनर आणायला गेलो होतो. तेवढ्यात माझ्या बायकोनं, रत्नव्वानं, आत वाकून लावली असणार. कुणी हसू नये म्हणून अगदी नाकात. तिथं जागा इतकी चिंचोळी, की ब्रश चाचपतच चालवावा लागतो. राखेवर रेझिन धरत नाही, हे तिला कुठलं ठाऊक? तिनं पोरीसाठी यश मागितलं होतं.

सौंदर्या दारात आली तसा मी तुकडा पालथा घातला.

“आप्पा, कुठं चुकलं?”

“घाई केली मी. थर नीट वाळू दिला न्हाय.”

“माझं काय जाणार हाय, म्हाईत हुतं की तुमास्नी,” ती म्हणाली आणि आत गेली.

लग्न झालं. निघताना ती आईच्या गळ्यात पडून पोटभर रडली. माझ्या पाया पडली, पण मान वर केली नाही. गाडी वळल्यावर रत्नव्वा डोळे पुसत माझ्याजवळ आली.

“जरा दम धरला असता तुमी,” ती म्हणाली, “तर पोर आज पाण्यात असती.”

“व्हय,” मी म्हणालो.