दिवा चालू आहे

कचरूने नवी मोटरसायकल घेतली आणि पुणे शहराला त्याची फारच काळजी वाटू लागली. समोरून येणारा जो तो हात वर करून बोटं मिटायचा, उघडायचा. अर्थ एकच, अहो, दिवा चालू राहिलाय. तेही भर दुपारी. सदाशिव पेठेत तर एका आजोबांनी त्याला थांबवून विचारलं, "दिवसाढवळ्या दिवा लावून काय शोधताय? सापडलं तर आम्हालाही कळवा."

सुरुवातीला कचरू प्रत्येकाला समजावून सांगायचा. एप्रिलपासून कायदाच झालाय, नव्या गाडीचा दिवा इंजिनाबरोबर लागतो नि इंजिनाबरोबरच विझतो, बंद करायला बटणच नाही. सिग्नल सुटला तरी त्याचं चालूच, आणि मागचे हॉर्न वाजवून त्याचा उद्धार करायचे. मागच्या सीटवरची त्याची बायको प्रेमला शेवटी म्हणाली, "अहो, बरं म्हणा नि पुढे चला. लोक मायेनं सांगतात आणि तुम्ही त्यांची शाळा घेता."

तशी शाळा घ्यायचा त्याला हक्क होता. गाडी त्याच्याच कारखान्यातली. हँडलवर दिव्याचं बटण बसवणं हे कित्येक वर्षं त्याचंच काम होतं. कायद्याने बटण गेलं, तरी त्याचा अंगठा अजून सवयीने तिथे जायचा. आणि लाइनच्या शेवटी, काळे पडदे लावलेल्या खोलीत, प्रत्येक गाडीचा दिवा तपासून पास करायचा तो ज्ञानदेव. कचरूचा मित्र. म्हणजे, पूर्वीचा.

कचरूने पहिली मोटरसायकल घेतली तेव्हा कंपनीच्याच फायनान्सचं कर्ज होतं आणि त्याला जामीनदार लागायचा. ज्ञानदेवने एक शब्द न विचारता सही ठोकली. नारायण पेठेतलं त्याचं घर असं, की वडिलांनी जन्मात वाण्याकडे उधारी ठेवली नव्हती. जयंतीच्या दिवशी, चौदा एप्रिलला, गाडी घरी आली. पहिली फेरी बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत. मागे ज्ञानदेव बसला होता, हातात पेढ्यांचा पुडा सांभाळत.

पुढच्या वर्षी कारखान्यात संप झाला. पगार थांबले, हप्ते थांबले, आणि वसुलीची माणसं जामीनदारांच्या दारात उभी राहू लागली. कचरूच्या डोळ्यांसमोर नारायण पेठेतला तो अरुंद जिना यायचा, जिन्यात उभी परकी माणसं आणि दारात ज्ञानदेवचे म्हातारे वडील. त्याला ते सहन होईना. एका सकाळी तो संप मोडून, खाली मान घालून गेटमधून कामावर गेला. गेटवर संपवाल्यांत ज्ञानदेव उभा होता.

"हप्त्यासाठी गेलास ना," एवढंच तो म्हणाला.

हप्त्यासाठीच गेला होता. पण कोणाची अब्रू राखायला, ते कचरूने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उपकार दाखवल्यासारखं झालं असतं. मला विचाराल तर माणसाने इतकं शहाणं असू नये. पण तो होता तसा.

तेव्हापासून अबोला. कंपनीची बस मंडईपाशी यायची. एकाच थांब्यावर एक खांबाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. बसमध्ये ज्ञानदेव पुढे, कचरू मागे. त्याच्या मानेवरचे केस पांढरे होताना कचरूने रोजच्या रोज पाहिले. बोलत नव्हता, पण दिसत तरी होता. तेवढ्यावर कचरूचं भागत होतं. आणि या एप्रिलअखेर ज्ञानदेव निवृत्त होणार होता.

खरं तर कचरूने गाडी काढली ती यासाठीच. मार्च संपता संपता जुन्या नियमाच्या गाड्या पडेल भावाने निघाल्या, तेव्हा अख्खं पुणं शोरूमवर तुटून पडलं. हा पठ्ठ्या सवलत संपल्यावर गेला. सोनाली, त्याची हिंजवडीत नोकरी करणारी लेक, म्हणाली, "बाबा, यू आर टू मच." त्याने कोणाला सांगितलं नाही, पण हिशेब साधा होता. कर्ज काढलं की जामीनदार लागेल, आणि जामीनदार हवा म्हटलं की ज्ञानदेवच्या दारात जाता येईल. नुसतं जायला त्याचे पाय उचलत नव्हते, काहीतरी निमित्त हवं होतं.

शोरूममधल्या मुलीने त्याच्या फोनवर आलेला नंबर विचारला आणि म्हणाली, "झालं काका, लोन अप्रूव्ह."

"आणि जामीनदार?"

"आता नाही लागत. सगळं ऑनलाइन."

"एखाद्याची सही घेऊन ठेवा की."

ती हसली. "कशाला उगाच कोणाला त्रास?"

नेमका तो त्रासच कचरूला द्यायचा होता. पेढा हातात धरून तो नव्या गाडीकडे बघत राहिला, आणि त्याला फार एकटं वाटलं.

शेवटच्या दिवशी हार, नारळ, शाल घेऊन ज्ञानदेव बसमधून उतरला. कचरू मागोमाग उतरला, तोंड उघडलं आणि नुसता खोकला. एक मेची सुट्टी संपली आणि खांबाच्या पलीकडे कोणी नव्हतं. खांब एवढा बारीक आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

मग मे महिन्यातला एक रविवार. प्रेमलाला मागे बसवून कचरू मंडईच्या मागच्या गल्लीतून निघाला होता. समोरून ज्ञानदेव आला, जुन्या स्कूटरवर, पायाशी आंब्यांची पिशवी. एरवी असा समोर आला की तो दुकानांच्या पाट्या वाचायचा. आज त्याने कचरूकडे सरळ पाहिलं. हँडलवरचा हात उचलला आणि बोटं मिटली, उघडली.

"बंद होत नाही तो," कचरूच्या तोंडून सवयीने गेलं. स्कूटर पुढे निघून गेली.

दोन दुकानं ओलांडल्यावर त्याला उमगलं. हजारो गाड्यांचा दिवा पास केलेला माणूस. त्याला माहीत नाही?

"अहो, वळवा," प्रेमला म्हणाली.

त्याने गाडी वळवली. ज्ञानदेव कोपऱ्यावर थांबलेलाच होता, आंबे उगाच वरखाली करत. कचरूने शेजारी उभं राहून इंजिन बंद केलं.

"झाला की बंद," ज्ञानदेव दिव्याकडे बघत म्हणाला.

"तुला ठाऊक होतं ना, की तो चालूच राहतो?"

"मग दुसरं काय म्हणणार होतो?"

कचरूचे डोळे भरून आले. ज्ञानदेव म्हणाला, "संपात सगळ्यांच्या जामीनदारांकडे माणसं आली. माझ्याकडे कोणी आलं नाही. का आलं नाही, ते माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. आणि शिरल्यावर तर तुझ्याकडे बघायचीही लाज वाटायला लागली."

कचरूने मान हलवली.

ज्ञानदेवने नव्या गाडीच्या टाकीवरून हात फिरवला. "कर्जावर घेतलीस?"

"हो."

"जामीन कोण राहिलं?"

"आता लागत नाही जामीन."

"लागत नाही ते मलाही माहीत आहे," ज्ञानदेव म्हणाला. "विचारायचं तरी."