शंभर ग्रेनची डबी

"ही नको," म्हणत इम्पीने काडतुसांची डबी काउंटरवरून परत ढकलली. "कोल्ह्यांसाठीचा माल माझ्या गळ्यात मारू नकोस, गस."

गसने चष्मा कपाळावर चढवला. परवा, पंधरा नोव्हेंबरला, हरणांच्या शिकारीचा मोसम उघडणार होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि म्हातारी काउंटर अडवून उभी होती.

"इम्पीकाकू, नात तुमची चौदाची. अंगानं काडी. हलकी गोळी, हलका दणका. तुमच्या त्या छोट्या रायफलीला सगळे आईबाप पोरांसाठी हीच नेतात."

"सगळे नेतात म्हणूनच रानात लंगडी हरणं दिसतात. शंभर ग्रेन वजनाच्या गोळीची काढ."

"अहो, सत्त्याऐंशी आणि शंभर! फरक तो केवढा? चिमूटभर शिसं."

"मीठसुद्धा चिमूटभरच असतं. तुझ्या बायकोला विचार."

रांगेतले बाप्ये खो खो हसले. चर्चच्या जेवणात गसच्या बायकोचा रस्सा सगळ्यांनीच कधी ना कधी गिळला होता. गसने मुकाट्याने वरच्या फळीवरची डबी काढली.

इम्पीची शाळा तिसरीत सुटली होती. अक्षरं तिला पाहून पळत, पण आकडे तिच्या धाकात होते. तिने डबीवरचा एक आणि पुढची दोन शून्यं बोटाने तपासली. मग झाकण उघडून एक काडतूस बाहेर घेतलं आणि गोळीचं टोक अंगठ्याने चाचपलं. टोकाला शिसं उघडं, खाली तांब्याचं जाड कवच. हाडावर आदळून चुरा होणारी नव्हे. आत शिरून मग उमलणारी.

"वाइनोकाका असते तर..." तिच्या नवऱ्याची आठवण काढत गस पुटपुटला.

"वाइनो असता तर मी आत्ता घरी पाव भाजत असते. तो मार्चमध्ये गेला. त्याचं काम आता कुणीतरी करायचं, की हरणं आपणहून चुलीपाशी येऊन बसणार?"

बाहेर गाडीत नात बसली होती, ट्रूडी. उजव्या भुवईवर चार टाक्यांची पांढरी रेघ. ऑगस्टमध्ये तिच्या बापाने, म्हणजे इम्पीच्या आर्विडने, तिच्या हातात आपली थोरली रायफल दिली होती. पहिल्याच बाराला रायफल मागे उसळली आणि तिच्यावरची दुर्बीण पोरीच्या कपाळावर आदळली. तेव्हापासून ती चाप ओढायच्या आधीच डोळे मिटते, असं आर्विडचं म्हणणं. "यंदा नको. पुढच्या वर्षी बघू," असं सांगून त्याने वाइनोच्या मचाणावर कारखान्यातल्या एका मित्राला बोलावूनही टाकलं होतं.

वाइनोचं मचाण! दलदलीच्या काठचं, चाळीस वर्षं बसून बसून वाइनोने गुळगुळीत केलेलं. शेवटच्या आजारात तो फार बोलला नाही. तिथं आता ट्रूडी बसेल आणि छोटी रायफल तिची, एवढं मात्र दोनदा म्हणाला. काडतुसं आणायची राहून गेली.

"मिळाली?" ट्रूडीने विचारलं.

"मिळाली. तोंड का असं आंबट?"

"आजी, बाबा नाहीच म्हणणार. आणि मिटतात गं माझे डोळे, खरंच. मी मुद्दाम नाही करत."

"मिटतील नाहीतर काय! तोफ दिली होती त्यानं तुला. ही तोफ नाही. आणि नाही म्हणायला तो कोण? त्याला मी जन्म दिलाय, त्यानं मला नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं खडीच्या जुन्या खाणीत गेले. आर्विड आला होता तो आईला खोटं पाडायला. चव्वेचाळीस वर्षांचा दांडगा गडी, पण आईसमोर हात खिशात. इम्पीने साठ पावलं मोजून मातीच्या उतारावर कागदी थाळी खोचली आणि ट्रूडीला चटईवर पालथं झोपवलं.

"आजोबांची रीत माहीत आहे ना? तू तिकडे बघ. मी भरणार. कधी भरलेलं काडतूस, कधी नुसती झाडलेली पुंगळी. काय भरलंय ते मी सांगायची नाही. तू फक्त थाळी बघायची आणि चाप सावकाश ओढायचा."

पहिला बार खरा होता. थाळीची कड उडाली. दुसऱ्यांदा नुसतंच टक् झालं, आणि दणक्याच्या धास्तीनेच नळीचं तोंड वीतभर खाली गेलं.

"बघितलंस?" आर्विड म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

"तिचे डोळे मिटतात, तुझं तोंड मिटत नाही. गप उभा राहा."

इम्पीने पुन्हा पुंगळी भरली. पुन्हा पुंगळी. मग एक खरं. परत पुंगळी. थंडीने तिची बोटं निळी पडली होती, गुडघ्यांत कळा येत होत्या, पण ती दर वेळी वाकत होती, भरत होती, सरळ होत होती. सातव्यांदा नळी बोटभरच हलली. अकराव्यांदा टक् झालं तेव्हा नळी दगडात रोवल्यासारखी जागच्या जागी राहिली. ट्रूडीने मान वळवून आजीकडे पाहिलं. इम्पीने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. तिने खरं काडतूस भरलं. बार झाला आणि थाळीच्या मधोमध भोक पडलं.

"अख्खी दुपार रिकाम्या पुंगळ्या झाडून कुणालाही जमेल," आर्विड म्हणाला.

"मग तू झाड एकदा."

तो हसला, चटईवर आडवा झाला. इम्पीने त्याच्याकडे पाठ करून रायफल भरली आणि हातात दिली. आर्विडने नेम धरला, चाप ओढला. टक्. नळीचं नाक सरळ जमिनीत घुसलं. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते.

ट्रूडी फिसकन हसली आणि लगेच ओठ दाबून गप्प झाली.

आर्विड उठला. रायफल त्याने जपून चटईवर ठेवली. "त्या दिवशीही असंच झालं असणार," तो म्हणाला. "चौदाचा होतो. हीच रायफल. तीन दिवस दलदलीत शोधत होतो ते हरीण, शेवटी डोमकावळ्यांनी दाखवलं. बाबा एवढंच म्हणाले, नेम चुकला. पुन्हा ही हातात धरली नाही मी. म्हणून सांगतो आई, तिला नको नेऊ. एकदा असं झालं की जन्मभर पुरतं."

हे इम्पीला माहीत होतं. म्हणूनच घरातून निघताना तिने पिठाच्या डब्यामागे हात घालून एक वस्तू काढली होती, आणि दुपारभर ती कोटाच्या खिशात जड होत चालली होती. आता तिने ती बाहेर काढून गाडीच्या पुढच्या पत्र्यावर ठेवली. पिवळी पडलेली, कोपरे झिजलेली डबी. वर आकडा, सत्त्याऐंशी.

"काय हे?"

"तुझीच. एकोणीस आहेत. विसावं तू त्या हरणावर झाडलंस. मोसमाआधी बाबा तुझा लाकूडतोडीच्या तळावर होता. काडतुसं मी आणली. पोराचा खांदा दुखू नये म्हणून हलकी मागितली, दुकानदारानं कोल्ह्यांची दिली, मी घेतली." तिने डबीचं झाकण उघडलं. "कावळ्यांनी टाकलेलं ते खांद्याचं हाड मी हातात धरून बघितलं, आर्विड. गोळी बरोबर जागी लागली होती. हाडावर फुटली, आत गेलीच नाही. तुझा नेम चुकला नव्हता."

खाणीत वाऱ्याने बारीक खडी घरंगळत होती. आर्विडने डबीतलं एक काडतूस काढलं, बोटांत फिरवलं.

"तीस वर्षं, आई? आणि बाबा?"

"त्यालाही सांगितलं नाही. एवढं मोठं तोंड माझं, सगळ्या गावाला पुरून उरतं. ते एक वाक्य मात्र त्यातून बाहेर पडेना."

"मग आज कसं पडलं?"

"तुझी भीती तू हिला वारशात द्यायला निघालास म्हणून. जमीन दे, घर दे. ती नको देऊस. ती मुळात तुझी नाहीच, माझ्या चुकीची आहे."

आर्विडने काडतूस परत डबीत ठेवलं, झाकण लावलं, डबी स्वतःच्या खिशात घातली. ट्रूडी चटई गुंडाळत होती, जणू तिने काही ऐकलंच नाही.

"मित्राला काय सांगू?" त्याने विचारलं.

"सांग, म्हातारीनं जागा दिली नाही. गावात कुणाला नवल वाटायचं नाही."

पंधरा तारखेला बापलेक उजाडायच्या आत निघाले. ट्रूडीच्या अंगात वाइनोचा लाल चौकड्यांचा कोट होता, बाह्या तीनदा दुमडलेल्या. इम्पीने तिच्या खिशात शंभर ग्रेनची पाच काडतुसं मोजून टाकली आणि म्हणाली, "एक बार, मांस. दोन बार, बघू. तीन बार, नुसताच आवाज. मला एकच ऐकू आला पाहिजे."

मग ती चुलीशी बसली. फटफटलं तसे लांबून, नदीपलीकडून लोकांचे बार ऐकू यायला लागले. जाड, घुमणारे. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. आठ वाजून गेले आणि दलदलीच्या अंगाने एक आवाज आला. बारीक, कोरडा, वाळकी फांदी मोडावी तसा.

इम्पीचा हात कॉफीच्या किटलीवर तसाच राहिला. तिने दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. कॉफी उतू गेली, निखाऱ्यावर चरचरली. दुसरा आवाज आला नाही.

तिने खुंटाळ्यावरचा दोर घेतला, सुरी आणि धार लावायचा दगड घेतला. दारातून जाताना तिचा हात मार्चपासूनच्या सवयीने वाइनोच्या कोटाची बाही चाचपायला वर गेला. तिथं नुसता खिळा होता. बोटं क्षणभर त्या खिळ्यावर टेकली. मग हरीण टांगण्यासाठी अंगणातल्या मेपलच्या फांदीवर दोर टाकायला ती बाहेर पडली.