दोन्ही येणारे किती

धाकट्या जावेची टपाल कचेरीत बढतीची परीक्षा होती आणि गणित म्हटलं की ती पुस्तक मिटून ठेवायची. म्हणून रोज संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलाशी थोरलीच्या नवऱ्याकडे शिकायला बसे. ते शाळेत गणिताचे मास्तर. थोरली पलीकडे इस्त्री करायची, पण कान सगळे इकडे.

"पन्नास कामगार," मास्तर म्हणाले. "बत्तिसांना सायकल येते, सव्विसांना पोहता येतं, चौघांना दोन्ही येत नाही. मग दोन्ही येणारे किती?"

"बत्तीस नि सव्वीस अठ्ठावन्न. अगंबाई! दादा, माणसं पन्नास, मग हे आठ जास्तीचे कुठून उगवले?"

मास्तर खळखळून हसले. "ज्यांना दोन्ही येतं, ते दोनदा मोजले गेले. हे बघ." त्यांनी रंगीत पेन्सिलींनी एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं काढली. "आता पुढचं तू सोडव."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नानंतर बँकेच्या परीक्षेसाठी ती याच माणसाकडे असलंच गणित घेऊन बसली होती. तेव्हा वर्तुळं नव्हती, हसू नव्हतं. "एवढं साधं कळत नाही?" म्हणून त्यांनी पेन्सिल फेकली होती. ती परीक्षेला बसलीच नाही. आज मात्र रंगीत पेन्सिली! इस्त्रीखाली शर्टाची कॉलर करपली.

सकाळी धाकटी वही घेऊन आली. "ताई, आठ आलंय. बरोबर आहे का हो?"

ती चौघांना वजा करायला विसरली होती. थोरलीला ते तत्क्षणी दिसलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी मास्तरांनी वहीवर फुली मारली. धाकटीचा चेहरा पडला. "ताई तर बरोबर म्हणाल्या."

"तिला काय कळतंय त्यातलं?"

"कळतं मला!" थोरलीने इस्त्री उभी केली. "चौघं वजा करा, उरले सेहेचाळीस. अठ्ठावन्नातून सेहेचाळीस गेले, बारा. सकाळीच दिसलं होतं. मुद्दाम नाही सांगितलं."

"का हो ताई?"

"तुला हे हसत शिकवतात. माझ्या अंगावर पेन्सिल फेकली होती."

मास्तरांनी मान खाली घातली. "तेव्हा मी…" म्हणत ते रंगीत पेन्सिली गोळा करू लागले.

धाकटीने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन तिने वही थोरलीपुढे सरकवली. "राग गेला नाहीये माझा. पण दादा भराभर पुढे जातात, मला समजत नाही आणि मी उगाच हसते. तुम्ही शिकवा."

थोरलीने शिकवलं. भाजी चिरता चिरता, न ओरडता.

निकालाच्या दिवशी धाकटी धावतच घरात शिरली. "पास झाले! दादा, पास झाले!"

मास्तरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. दारात उभ्या थोरलीला हसायचं होतं, हसलीही. पण 'दादा' आधी का, हे काही केल्या तिच्या मनातून जाईना.